हलक्या तंबूखाली ग्राउंडशीट घालावी, पण ती तंबूपेक्षा लहान असावी

आपण विचारले आहे की 20 डेनियर तळाचा (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप; आकडा लहान तितके कापड पातळ), दीड किलोच्या आतला दोन माणसांचा तंबू नवा घेतला आहे, तर त्याच्याखाली कंपनीची महागडी फूटप्रिंट (त्याच तंबूच्या मापाची तयार ग्राउंडशीट) घालावी, साधी ताडपत्री चालेल, की काहीच घालू नये. शिवाय एका अनुभवी मित्राने ‘ताडपत्री मोठीच घे, तंबूपुढे अंगण मिळते’ असा सल्ला दिल्याचेही आपण लिहिले आहे. ते अंगण वाचले आणि उत्तर लिहायला बसलो, कारण त्याच अंगणापायी मी एक अख्खी कोजागरी ओल्या स्लीपिंग बॅगेत काढली आहे.

गोष्ट 2019 ची. त्या वर्षी मोसमी पावसाने देशातून परतायला सुरुवातच मुळी 9 ऑक्टोबरला केली आणि कोजागरी आली 13 तारखेला. तरीही चंद्र कोकणकड्यावरूनच पाहायचा, असा दाजींचा हट्ट होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी शाळेत होतो तेव्हापासून ते सह्याद्री पालथा घालत आहेत, मला पहिला गड दाखवला तोही त्यांनीच, त्यामुळे डोंगरातल्या सामानाच्या बाबतीत त्यांचा शब्द मोडायचा नाही असा आमच्या घरचा रिवाज आहे. पाचनईच्या वाटेने आम्ही दुपारी हरिश्चंद्रगडावर पोहोचलो. माझ्या पाठीवर 1400 ग्रॅमचा तंबू होता आणि दाजींच्या सॅकवर 9 बाय 12 फुटांची निळी ताडपत्री गुंडाळून बांधलेली होती. ती 120 जीएसएमची होती, म्हणजे दर चौरस मीटरला 120 ग्रॅम या हिशेबाने जवळजवळ 1200 ग्रॅमची. वजन वाचवण्यासाठी मी तंबूवर जे पैसे घातले होते, ते त्या एका गुंडाळीने फुकट घालवले.

कड्याजवळच्या पठारावर कातळावर मातीचा आणि मुरमाचा पातळ थर आहे. दाजींनी तिथे ताडपत्री पूर्ण उलगडली आणि तिच्या मधोमध तंबू उभा करायला सांगितले. तंबूचा तळ सात फूट लांब आणि सव्वाचार फूट रुंद, म्हणजे चारही बाजूंनी अडीच-अडीच फूट ताडपत्री उघडी राहिली. मी म्हणालो, “दाजी, कडा आत दुमडून घेऊ या, नाहीतर पाऊस आला तर पाणी तंबूखाली जाईल.” ते म्हणाले, “अरे, पाणी खालून येतं, त्यासाठीच तर ताडपत्री. आणि चपला कुठं काढणार, चिखलात?” मी गप्प बसलो. त्या रात्री केलेली खरी चूक ती हीच.

मसाला दूध झाले, चंद्र तासभर दिसलाही, आणि दोनच्या सुमारास विजांसकट पाऊस आला. तो अर्धा-पाऊण तासच पडला असेल. पण तेवढ्यात तंबूचा तळ पाण्याच्या गादीसारखा हलू लागला. हात टेकला की शेजारी फुगवटा यायचा. मग माझ्या पायाशी ओल जाणवली, त्यानंतर दाजी बॅटरी शोधायला गुडघ्यांवर उठले आणि त्यांच्या गुडघ्यांखालचे कापडही ओले झाले. उरलेली रात्र आम्ही सॅकवर बसून काढली. पहाटे दाजींनी निकाल दिला, “तुझा तंबू पातळ आहे. आमच्या कॅनव्हासमध्ये असं कधी झालं नाही.” तेव्हापासून दर भाऊबीजेला ओवाळणी आटोपून ताट पुढ्यात आले की हा निकाल पुन्हा वाचून दाखवला जातो.

आता हिशेब पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. त्या ताडपत्रीचा तंबूबाहेर उरलेला भाग सुमारे सात चौरस मीटर होता, म्हणजे दहा मिलिमीटर पावसात सत्तर लिटर पाणी तिच्यावर पडणार, आणि फ्लायवरून, म्हणजे तंबूच्या बाहेरच्या आच्छादनावरून, ओघळून येणारे पाणीही तिच्यावरच उतरणार. जमिनीला थोडा जरी उतार असला तरी वरच्या बाजूच्या अंगणातले पाणी सरळ तंबूच्या दिशेने येते, ताडपत्री आणि तंबूचा तळ यांच्यामध्ये शिरते आणि माणसांच्या वजनाने जिथे खड्डा झाला असेल तिथे साठते, कारण ताडपत्री ते जमिनीत मुरू देत नाही. ताडपत्री नसती तर त्यातले काही पाणी मुरमात गेले असते आणि बाकीचे पुढे वाहून गेले असते. जमिनीची ओल अडवण्यासाठी अंथरलेली वस्तू अशा रीतीने आकाशातले पाणी धरून ठेवण्याचे भांडे बनते.

म्हणून ग्राउंडशीट तंबूच्या तळापेक्षा प्रत्येक बाजूने पाच ते आठ सेंटीमीटर लहान असावी आणि वरून पाहताना तिची कड कुठेही दिसता कामा नये. तळाला पाणीरोधक करणे हे तिचे काम नाही. मुरूम, करवंदीचे काटे, कुसळे आणि तोडलेल्या कारवीचे तिरके खुंट यांचा मार स्वतःवर घेणे, एवढेच तिचे काम आहे. 20 डेनियरच्या कापडाला हा मार सोसत नाही, त्यामुळे आपल्या तंबूला ग्राउंडशीट हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पातळपणाचा आरोप मात्र अगदीच खोटा नाही. अशा तळांची पाणी अडवण्याची क्षमता बहुधा 1200 ते 3000 मिलिमीटर असते; माझ्या तंबूची 1500 होती, म्हणजे दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसते. सत्तर किलोचा माणूस दोन गुडघ्यांवर उभा राहिला आणि प्रत्येक गुडघा पन्नास चौरस सेंटीमीटर टेकला असे धरले, तर दर चौरस सेंटीमीटरला 0.7 किलो, म्हणजे सात मीटर पाण्याइतका दाब पडतो. खाली पाणी साठलेले असेल तर ते वर येणारच. पण खाली पाणी साठवले कोणी, हा माझा मुद्दा आहे आणि त्यावर भाऊबीजेला कोणी बोलत नाही.

वस्तू कोणती घ्यावी, याचे उत्तर थोडक्यात देतो. कंपनीची फूटप्रिंट बरोबर मापाची असते, पण तिला लावलेली किंमत मला पटत नाही. टायवेक, म्हणजे कागदासारखे दिसणारे चिवट कृत्रिम कापड, उत्तम; नव्याचा खडखडाट साबणाशिवाय थंड पाण्यात एकदा धुतल्यावर कमी होतो. मी स्वतः गेली तीन वर्षे भाजीच्या वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंग पेपर, म्हणजे पातळ प्लास्टिक, वापरतो. तीस मायक्रॉनचा, चार फूट रुंदीचा, भोके न पाडलेला तुकडा एखाद्या शेतकरी मित्राकडे मागून घ्यावा. माझ्या सव्वाचार फुटी तंबूला तो रुंदीला आपोआप थोडा लहानच पडतो आणि दोन मीटरच्या तुकड्याचे वजन सत्तर ग्रॅमच्या आत भरते. दोन-चार मुक्कामांत तो फाटतो, वारा असेल तर अंथरताना कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागतात, आणि फाटलेला तुकडा गडावर न टाकता घरी आणावा लागतो.

ग्राउंडशीट तंबूच्या आत अंथरावी असेही काही जण सांगतात. त्याने अंथरूण कोरडे राहते हे खरे, पण तळाचे कापड मुरमावर घासतच राहते. आपला प्रश्न तंबू वाचवण्याचा आहे, तेव्हा तो उपाय आपल्यासाठी नाही.

दाजींच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. मुक्काम गुहेत किंवा देवळाच्या ओवरीत असेल, तंबू लावायचाच नसेल, तर ती 9 बाय 12 ची ताडपत्री राजेशाही आहे आणि तिथे मी तिच्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही. तसेच आपल्या तंबूचा तळ 70 डेनियरच्या आसपास असता आणि आपण दगडकाटे वेचून जागा साफ करून घेत असता, तर मी ग्राउंडशीट घरीच ठेवा असे म्हटले असते.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी दाजींना सांगितलेली नाही. घरी आल्यावर तंबूचा आतला भाग गच्चीवरच्या दोरीवर टांगून तळात दोन तांबे पाणी ओतले, तेव्हा पायाकडच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी दोन भोके सापडली आणि त्यांतून थेंब पडू लागले. त्या रात्री माझ्या पायाशी पहिली ओल आली होती ती याच जागी. गडावर आम्ही ताडपत्रीवर झोपलो होतो, तेव्हा ती भोके तिथली नव्हेत. त्याआधीच्या हिवाळ्यात राजमाचीला मी याच तंबूत वजन वाचवण्यासाठी ग्राउंडशीटशिवाय दोन रात्री कुसळी गवतावर झोपलो होतो. कापड सिलिकॉनचा लेप असलेले असल्याने त्यावर दुसरे काही चिकटत नाही, म्हणून सिलिकॉनचाच ठिपका बाहेरून आणि आतून लावला, रात्रभर सुकू दिला, आणि पुन्हा पाणी ओतून पाहिले तेव्हा गळती थांबली होती.