विचारा बिनधास्त: जिभेखालची गोळी म्हणजे नवी नशाच का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. कॉलेज सोडलं तेव्हापासून ब्राऊन शुगर ओढायचा, पन्नीवर. दोनदा सेंटरला ठेवला, दोन्ही वेळा अंगाने भरून आला आणि महिन्याच्या आत परत सुरू. आता सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जिभेखाली ठेवायची गोळी दिलीय, ब्युप्रेनॉर्फिन. पहिली गोळी याने घाई करून घरीच घेतली तर थोड्या वेळात उलट्या, थरथर, अंग फुटतंय म्हणून लोळायला लागला. आता बरा आहे, कामावर जातो. पण याचे बाबा म्हणतात ही नशेच्या जागी दुसरी नशा, दोन महिन्यांत बंद कर. दीर म्हणतात परत सेंटरला टाका. मी कुणाचं ऐकू? — एक आई, कल्याण

उत्तर: ताई, मुलगा कामावर जातोय हे तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंत, पण मला विचाराल तर सगळ्यात मोठी बातमी तीच आहे.

आधी बाबांच्या शंकेचं बघू, कारण ती घरोघरी असते आणि अगदीच चुकीचीही नाही. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूच्याच घराण्यातलं औषध आहे, अचानक बंद केलं तर त्रास होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मग फरक काय? गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा, अंमल काही तासांत उतरतो आणि टर्की सुरू होते, म्हणजे नाक गळणं, जांभया, पोटात मुरडा, हाडं दुखणं, आणि मग पोरगं दिवसभर पुढच्या पुडीच्या आणि पैशाच्या मागे. ही गोळी साधारण २४ तास किंवा जास्तच टिकते, हळू चढते, हळू उतरते, आणि एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी असर त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून नुसत्या गोळीने श्वास बंद पडायचा धोका गर्दपेक्षा खूप कमी. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं ही गोळी मेंदूतली गर्दची जागा धरून बसते, घट्ट. वरून कुणी गर्द ओढली तरी तिला बसायला जागाच नाही, किक फारशी येत नाही.

पहिल्या दिवशी जे झालं तेही यानेच. शरीरात गर्द अजून होती, गोळीने तिला जागेवरून ढकललं, पण स्वतःचा असर गर्दएवढा नसल्याने एकदम टर्की आली. म्हणून ब्राऊन शुगरचा शेवटचा कश घेतल्यावर साधारण १२ तास तरी थांबून, टर्कीची लक्षणं नीट दिसायला लागल्यावर पहिली गोळी द्यायची असते, शक्यतो डॉक्टरांसमोर. गोळीची अ‍ॅलर्जी वगैरे काही नाही, वेळ चुकली एवढंच. मध्ये कधी परत ओढली आणि गोळ्या सुटल्या तर पुन्हा घरच्या घरी सुरू करू नका, ओपीडीत जा.

आता दोन महिन्यांत बंद करायचं का. नाही, आणि इथे मी जरा ठाम बोलते. सेंटरमधून आल्यावर महिन्याभरात परत सुरू झालं, ते मुलाच्या मनाचा कमकुवतपणा म्हणून नाही. नुसती टर्की काढून सोडलेल्या बहुतेकांचं असंच होतं, आणि त्यात खरा धोका असा की मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने ओढतो किंवा टोचतो. ओव्हरडोसने जाणाऱ्यांत असे नुकतेच 'सुटलेले' बरेच असतात. गोळी चालू आहे तोवर तो धोका खूप कमी राहतो, हे जगभर दिसलंय, जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. किती दिवस घ्यायची याला ठरलेला आकडा नाही, कुणाला वर्ष-दोन वर्षं, कुणाला त्याहून जास्त. झोप, काम, मित्रमंडळ, घरातले व्यवहार सगळं बसल्यावर मुलगा स्वतः म्हणाला की डोस हळूहळू उतरवायचा, तोही डॉक्टरांच्या हिशोबाने. बाबांनी कॅलेंडर बघून नाही.

सेंटरबद्दल मला आकस नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय, तिथून कितीतरी घरं सावरली. पण सेंटर आणि गोळी यातलं एकच निवडायचं असं कुणी सांगितलं? समुपदेशन, ग्रुप, घरच्यांची मीटिंग हे गोळीबरोबर चालू द्या.

रोजचं सांगते. गोळी गिळायची नाही, गिळली तर जवळजवळ वाया जाते. जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, पाचदहा मिनिटं लागतात, तोवर बोलणं-चहा बंद. नंतर पाण्याने चूळ भरायची आणि ब्रश तासाभराने, नाहीतर दात खराब होतात. बद्धकोष्ठता होते, घाम येतो, ते ओपीडीत सांगायचं. गोळ्या कुलपात ठेवा, लहान मुलाच्या तोंडात एक गेली तरी जिवावर बेततं. आणि दारू किंवा अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या, ज्यांना पोरं बटन म्हणतात, त्या याच्यावर अजिबात नको. श्वास बंद पडल्याचे प्रकार बहुतेक अशा मिक्सिंगमध्ये होतात. ओठ निळे पडले, घोरल्यासारखा आवाज येतोय आणि हलवून उठत नाही असं दिसलं तर १०८.

प्रश्न: वय ३४, खाजगी नोकरी. कंबरदुखीसाठी ट्रामाडोल सुरू झालं, आता दिवसाला मूठभर कॅप्सूल लागतात. एकदा फिट पण आली. सुट्टी नाही, अ‍ॅडमिट होणं शक्य नाही. ऑफिसात कळेल का? पोलीस केस होईल का? — नाव नको, पिंपरी

उत्तर: दादा, फिट आलीय म्हणजे हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका, जास्त डोसमध्ये ट्रामाडोलने फिट येते. स्वतःच एकदम बंदही करू नका. २०१९ च्या केंद्राच्या सर्वेक्षणात देशातल्या लोकांत गर्द घेणारे १.१४ टक्के आणि ट्रामाडोलसारखा औषधातला अफूवर्गीय माल घेणारे ०.९६ टक्के निघाले, म्हणजे तुमच्यासारखे ऑफिसला जाणारे लोक ओपीडीत काही नवीन नाहीत.

अ‍ॅडमिट न होता उपचार होतात. सुरुवातीला काही दिवस जवळजवळ रोज यावं लागतं, डोस बसला की चकरा कमी होतात, ब्युप्रेनॉर्फिनचा (वरच्या पत्रातल्या जिभेखालच्या गोळीचा) रोजचा डोस बऱ्याच जणांना ८ ते १६ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो, तुमचा किती ते डॉक्टर ठरवतील. कंबरेचं दुखणंही त्यांना सांगा, ते राहिलं तर हात परत कॅप्सूलकडेच जाणार. मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात विचारा, किंवा १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा, जवळचं केंद्र सांगतात. (नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची, अशीच औषधं देणारी ओएसटी केंद्रं मुख्यतः सुईने घेणाऱ्यांसाठी आहेत, तुमचं तिथे काम नाही.)

ऑफिसला डॉक्टर कळवत नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय आहे. उपचाराला आलात म्हणून डॉक्टर पोलिसात देत नाहीत. उलट अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याचं ६४ अ कलम सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या केसमध्ये अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर त्याला खटल्यातून सूट देतं. मात्र ट्रामाडोल २०१८ पासून त्याच कायद्याखाली आहे, त्यामुळे बिनचिठ्ठीची खोकी घरात साठवणं हा वेगळा विषय, ते बंद करा.

प्रश्न: नवरा गर्द सोडायला तयार नाही. नाल्ट्रेक्सोन नावाची गोळी जेवणात कालवून दिली तर चालेल का? शेजारणीने दारूसाठी असंच काहीतरी केलं होतं. — वाचक, मालेगाव

उत्तर: अजिबात नाही, ताई. नाल्ट्रेक्सोन गर्दची जागा पूर्ण अडवतं. अंगात गर्द असताना पोटात गेलं तर भयंकर टर्की येते, उलट्या-जुलाबाने माणूस हॉस्पिटलात पोचतो, आणि डॉक्टरांना काय दिलंय तेच माहीत नसतं. ते औषध अफूवर्गाचं सगळं बंद होऊन आठ-दहा दिवस झालेल्या, स्वतः तयार असलेल्या माणसासाठी आहे. शेजारणीनेही जे केलं ते धोक्याचंच होतं. नवरा येत नसेल तर तुम्ही एकट्या ओपीडीत जा, घरच्यांना भेटतात. आणि त्याला सोड म्हणण्याआधी एवढंच विचारा की टर्की न होता दिवस काढायला मिळाला तर चालेल का, या प्रश्नाला बरेच जण हो म्हणतात.