निवृत्तीचे बारा लाख आणि सहा प्लेस्टेशन

प्रश्न: मॅडम, मी ५८ वर्षांचा, नागपुरात मानेवाड्याला राहतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ३१ लाख रुपये दीड महिन्यापूर्वी खात्यात आले. शिवाय अडीच लाखांची एफडी आहे. पेन्शन ३,४०० रुपये, घरखर्च २६,०००. घर स्वतःचं, रस्त्याकडची एक खोली रिकामीच असते. मुलगा २५ वर्षांचा, हिंगणा एमआयडीसीत २०,००० पगारावर आहे, घरात ५,००० देतो. त्याला हिंगणा रोडवर कॉलेजांच्या पट्ट्यात सहा प्लेस्टेशनचं (टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं मशीन) गेमिंग पार्लर टाकायचं आहे, १२ लाख मागतो. त्याच्या हिशेबाचा कागद सोबत जोडला आहे. म्हणतो, प्लेस्टेशन-२ सोळा कोटी विकला गेला, निन्टेन्डो कंपनीचं स्विच हे मशीन पंधरा कोटींच्या पुढे गेलं, जीटीए-५ या गेमच्या वीस कोटींहून जास्त प्रती खपल्या, हा धंदा बुडणार कसा? आणि पार्लर नको असेल तर निन्टेन्डोचे शेअर घ्या म्हणतो. मला यातलं काही कळत नाही, आणि पोराला नाही म्हणणं जिवावर येतं.

उत्तर: काका, तुमच्या मुलाने दिलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत. हे आधीच सांगते, कारण अशा पत्रांत बहुतेक वेळा आकडेच हवेतले असतात. तुमच्या मुलाने अभ्यास केला आहे. फक्त ते आकडे ज्या गल्ल्यात जमा झाले, तो गल्ला सोनीचा, निन्टेन्डोचा आणि जीटीए काढणाऱ्या कंपनीचा आहे. हिंगणा रोडवरच्या पार्लरच्या गल्ल्यात काय पडेल, ते वेगळं मोजावं लागतं.

आधी त्याच्या बाजूने बोलते. २०२१ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन-५ भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या मशीनची किंमत ४९,९९० होती. पुढे ती ५४,९९० झाली. पूर्वी मशीन जुनं झालं की स्वस्त व्हायचं. प्लेस्टेशन-२ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरवर उतरला होता. या खेपेला उलटं झालं. एक नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. यवतमाळहून, गडचिरोलीहून शिकायला आलेला होस्टेलचा मुलगा एवढे पैसे कुठून आणणार? तो तासाला शंभर रुपये देऊ शकतो. त्यामुळे पार्लरला गिऱ्हाईक आहे, हे मी मान्य करते.

पण लोकप्रिय गेम आणि पार्लरमध्ये चालणारा गेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीटीए-५ सप्टेंबर २०१३ मध्ये आला. प्लेस्टेशनच्या तीन पिढ्यांवर तोच विकला गेला. त्याची गोष्ट एकट्याने, घरी बसून, महिनोन्महिने खेळायची आहे. पार्लरमध्ये मुलं येतात ती शेजारी बसून एकमेकांना हरवायला. तिथे चालतो फुटबॉल, कुस्ती, टेक्केनसारखा मारामारीचा गेम. फुटबॉलचा गेम दरवर्षी नवा येतो. २०२३ मध्ये त्याचं फिफा हे नाव सुटलं आणि तो ईए स्पोर्ट्स एफसी झाला, तरी वर्षाला एक हा नेम चुकला नाही. नव्या गेममध्ये खेळाडूंचे संघ बदललेले असतात, म्हणून गिऱ्हाईक जुना मागत नाही. सहा मशीनला सहा प्रती, म्हणजे दर वर्षी तीस हजारांच्या आसपास. हा खर्च मुलाच्या कागदावर मला कुठे दिसला नाही. तो जीटीएच्या पुढच्या भागावर, जीटीए-६ वर, आस लावून बसला असेल, तर त्याची तारीख आधी २०२५ होती, मग मे २०२६ झाली, मग नोव्हेंबर २०२६. तेवढ्या काळात दुकानाचं भाडं मात्र थांबत नाही.

आता त्याचा हिशेब. सहा मशीन, रोज दहा तास, तासाला शंभर, तीस दिवस: १,८०,००० रुपये. भाडं १८,०००, वीज १२,०००, कामाला एक मुलगा १०,०००. हातात १,४०,०००. काका, या कागदावर प्रत्येक खुर्ची सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत भरलेली आहे.

मी तो हिशेब उलटीकडून करून पाहिला. रोजचे एकूण ६० मशीन-तास विकायला आहेत. त्याच्या चाळीस हजारांच्या खर्चात नवे गेम, इंटरनेट, बिघडणारे कंट्रोलर यांचे ८,००० धरले तर महिन्याला ४८,००० लागतात. म्हणजे रोज १६ तास विकले गेले की दुकान नुसतं उघडं राहतं. बारा लाखांतले सुमारे आठ लाख मशीन, टीव्ही, एसी आणि इन्व्हर्टरमध्ये जाणार. ते चार वर्षांत झिजतील असं धरलं तर महिन्याला आणखी १६,७००. झाले २२ तास. मुलगा नोकरी सोडणार, तर त्याला आजच्या एवढे २०,००० तरी सुटायला हवेत. झाले २८ तास. आणि तुमचे १२ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असते तर महिन्याला ८,२०० व्याज आलं असतं. तेही धरलं की रोज ३१ तास. साठपैकी एकतीस, वर्षाचे बाराही महिने. एवढं झालं तरच हा धंदा तुमच्या आजच्या स्थितीच्या बरोबरीला येतो. फायदा त्यानंतर सुरू होतो.

बाराही महिने हे शब्द मुद्दाम लिहिले. कॉलेजच्या पट्ट्यातलं दुकान कॉलेजच्या कॅलेंडरवर चालतं. हिवाळी परीक्षा आली की शांतता, दिवाळीला होस्टेलं रिकामी, उन्हाळी परीक्षा संपली की मुलं थेट गावाला. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा शहरातल्या शाळकरी पोरांना सुट्टी असते आणि दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा तुमच्या दुकानासमोरचा रस्ता ओस. वीज मात्र त्याच महिन्यात सर्वात जास्त लागणार, कारण ४५ अंशांत सहा मशीन, सहा टीव्ही आणि बारा पोरं कूलरवर थंड होत नाहीत. कूलरची ओली हवा आणि धूळ त्या मशीनला चांगलीही नाही. जागेबद्दल मला सर्वात मोठी शंका ही आहे. वस्तीतलं दुकान सुट्टीत भरतं, कॉलेजजवळचं सुट्टीत रिकामं होतं.

मशीनच्या वयाचंही सांगते. प्लेस्टेशन-३ आला २००६ मध्ये, ४ आला २०१३ मध्ये, ५ आला २०२० मध्ये. दर सात वर्षांनी नवा. आज घेतलेलं मशीन आयुष्याच्या उतारावर घेतलेलं असेल. नवं आलं म्हणून जुनं त्याच दिवशी बाद होत नाही, पण शेजारी कोणी नवं लावलं की पोरं तिकडे वळतात. चार वर्षांत झीज धरली ती याचसाठी.

आणखी एक गोष्ट मुलाने पाहिली आहे का, विचारा. प्लेस्टेशनच्या करारात गेमचा परवाना खासगी, बिगर-व्यावसायिक वापरापुरता दिलेला असतो. पैसे घेऊन खेळू देणं त्यात बसत नाही. कितीतरी पार्लर चालू आहेत, कोणी विचारत नाही, असं तो म्हणेल. त्याचं निरीक्षण खरं असेलही, पण निवृत्तीचे पैसे मी कोणाच्या न विचारण्यावर लावू देणार नाही. त्याने कंपनीला लेखी विचारावं. कॉम्प्युटरवरच्या गेमसाठी वॉल्व्हसारख्या कंपनीने कॅफेंकरता वेगळी परवाना योजना ठेवली आहे, तीही वाचावी. त्याशिवाय जागा नागपूर महापालिकेत येते की वानाडोंगरी नगर परिषदेत, कोणत्या परवानग्या लागतात, पोलिसांची लागते का, वीज व्यावसायिक दराने किती पडेल, हे सगळं ॲडव्हान्स देण्याआधी.

शेअरचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्यासाठी उत्तर सरळसरळ ‘नाही’ असं आहे. निन्टेन्डोकडे मारिओ हे गेममधलं पात्र १९८० च्या दशकापासून आहे आणि पोकेमॉनमध्ये १९९६ पासून तिचा वाटा आहे. एवढी जुनी, एवढी लाडकी नावं जगात थोडी असतील. तरीही मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात या कंपनीला तोटा झाला. वी हे तिचं मशीन दहा कोटींहून जास्त विकलं गेलं होतं, त्यानंतरचं वी यू दीड कोटीही गाठू शकलं नाही. मारिओ तोच होता. मारिओ कार्ट-८ हा गेम २०१४ मध्ये वी यूवर आला तेव्हा ८० लाखांच्या थोडा वर विकला गेला. तोच गेम थोडा सजवून २०१७ मध्ये स्विचवर आणला, तर सहा कोटींच्या पुढे गेला. जुन्या नावाची ताकद खरी आहे, मला स्वतःला या उदाहरणाचं फार कौतुक वाटतं, पण ती ताकद चांगल्या मशीनच्या खांद्यावर बसूनच बाजारात जाते, आणि पुढचं मशीन कसं निघेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. २०१६ च्या जुलैत पोकेमॉन गो या मोबाइलवरच्या गेमच्या लाटेत हा शेअर दोन-तीन आठवड्यांत दुप्पट झाला. मग आपल्या नफ्यावर त्याचा परिणाम मर्यादित असेल, असं कंपनीनेच सांगितलं, आणि एका दिवसात तो सुमारे १८ टक्के पडला. ज्याला दर महिन्याला किराणा भरायचा आहे त्याने असा चढउतार अंगावर घेऊ नये. मुलाला हौस असेल तर त्याने स्वतःच्या पगारातून आधी इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) महिना दोन हजार सुरू करावेत.

आता तुमच्या घराकडे येते, कारण मला खरी काळजी तिथली आहे. १२ लाख पार्लरला दिले तर १९ लाख उरतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी त्यावर महिन्याला सरासरी १३,००० सुटतील. पेन्शन धरून १६,४००. खर्च २६,०००. मुलाने नोकरी सोडली की त्याचे ५,००० सुद्धा बंद. म्हणजे पहिल्या महिन्यापासून साडेनऊ हजारांची तूट, आणि ती भरायची त्या दुकानाने, ज्याला रोज एकतीस तास विकायचे आहेत. मुलाच्या खांद्यावर हे ओझं पहिल्याच धंद्यात टाकू नका.

मी असं करीन. २८ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत. दर तिमाहीला ५७,४०० रुपये येतील, महिन्याला १९,००० च्या वर. पेन्शन आणि मुलाचे ५,००० धरले की घर चालतं, थोडं उरतंही. अडीच लाखांच्या एफडीला हात लावायचा नाही. कारखान्याचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपला असेल, तेव्हा एक लाख बाजूला ठेवून त्यातून तुमच्या दोघांची पॉलिसी लगेच घ्या. वय वाढत गेलं की ती महाग होते आणि मिळणंही अवघड होतं.

राहिले दोन लाख. हे मुलाला द्या, परत आले नाहीत तरी चालतील असं मनाशी धरून द्या. परवान्याचं लेखी उत्तर अनुकूल आलं, तर तुमच्या रस्त्याकडच्या खोलीत दोन मशीन बसतील. भाडं नाही, नोकरी सोडायची नाही. संध्याकाळी सात ते दहा, शनिवार-रविवार दहा तास. आठवड्याचे ७० मशीन-तास होतात, वस्तीत तासाला ८० रुपये दर ठेवावा. एक वही घाला. कोणता गेम, किती तास, किती पैसे, रोज लिहायचं. सहा महिने चालवा, आणि त्या सहात परीक्षेचा एक महिना आणि मे महिना येतील असे धरा. आठवड्याला सरासरी ३५ तासांच्या वर विक्री राहिली तर मला ती वही दाखवा, आपण मोठ्या दुकानाचं पुन्हा मोजू. योजनेतले पैसे कायमचे अडकत नाहीत. एक वर्षानंतर खातं बंद केलं तर दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. वही रिकामी राहिली तर दोन मशीन विकता येतील, आणि मुलाची नोकरी जागेवर असेल.

त्याला नाही म्हणायची गरज नाही, काका. हे उत्तर त्याच्यासमोर ठेवा आणि त्यालाच विचारा, की रोज एकतीस तास कुठून येतील. तो आकडे शोधणारा मुलगा दिसतो, बसून मोजेल.

आणि पार्लरचं ठरेल तेव्हा ठरेल, एक काम याच आठवड्यात करा. तुम्ही साठीच्या आत आहात, त्यामुळे निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आतच ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं तुम्हाला उघडता येतं. त्यातला दीड महिना गेला. कारखान्याचा निवृत्तीचा दाखला, रक्कम मिळाल्याचा कागद, आधार आणि पॅन घेऊन पोस्टात किंवा तुमच्या बँकेत जा. कारखान्याकडून दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून तो उद्याच मागा.