नवा म्हणून घेतलेला फोन आधीच ॲक्टिव्हेट झालेला निघाला

असे प्रश्न सारखे येतात, म्हणून एकालाच नीट उत्तर देतो. वाचक बार्शीचे, नोकरी पुण्यात. गावी गेले तेव्हा ओळखीच्या दुकानातून 18,500 चा फोन घेतला, 15,000 यूपीआयने, बाकी रोख. सील दुकानदारानेच फोडलं, ग्लास लावली, जुन्या फोनमधला डेटा टाकून दिला. पुण्यात आल्यावर कंपनीच्या साइटवर आयएमईआय (फोनचा 15 अंकी ओळख क्रमांक) टाकला तर वॉरंटी 5 महिन्यांपूर्वीच सुरू झालेली. बिल नाही, ‘एस्टिमेट’ छापलेली चिठ्ठी आहे, तिच्यावर ‘मोबा. 1 नग’ आणि रक्कम, खाली शिक्का, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. दुकानदार म्हणतो कंपनीशी बोलतोय, सोमवारी कळवतो. खरेदीला आज 24 दिवस झालेत.

पक्कं बिल मागितलं तर पाचशे जास्त पडतील म्हणाला आणि तुम्ही सोडून दिलंत, त्यावर मी काही बोलत नाही. पण हे 24 दिवस फोनवर गोड बोलण्यात घालवलेत ना, त्याचा मला जास्त राग आहे. कारण सगळं अडलंय ते 30 दिवसांवर.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(47). सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, मुदत बिलावर लिहिली असेल ती, आणि लिहिलीच नसेल तर 30 दिवस. तुमच्या चिठ्ठीवर मुदतच नाही. ‘परत घेतला जाणार नाही’ ही काही मुदत होत नाही, त्यामुळे माझ्या मते 30 दिवस धरायचे. आता हे 30 दिवस तुम्ही मागायचे की त्याने द्यायचे यावर दुसरा वकील वाद घालेल, घालू दे, तुमची लेखी मागणी 30 च्या आत गेलेली असली की त्या वादात पडायची गरज नाही. म्हणजे हातात 6 दिवस आहेत, त्यात एक रविवार.

तेव्हा उद्याच एका पानाचं पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, तेच पत्र दुकानदाराला व्हॉट्सॲपवरही टाका. तारीख, आयएमईआय, वॉरंटीच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि 18,500 दिले हे आकड्यात. रोख दिलेल्या साडेतीन हजारांचा तुमच्याकडे दुसरा पुरावा नाही, व्हॉट्सॲपवर उत्तर म्हणून तो ‘हो सर बघतो’ एवढं म्हणाला तरी खूप झालं. मागणी पैसे परत द्या अशी, आणि त्याच पत्रात आयएमईआय घातलेलं पक्कं बिलही मागा. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा आहे. शिवाय पक्कं बिल दाखवलं तर काही कंपन्या वॉरंटीची तारीख दुरुस्त करून देतात, तुमची कंपनी करते का ते सर्व्हिस सेंटरला विचारा. तसं झालं तर मी तरी भांडण तिथेच मिटवेन.

फोन वापरलेलाच होता का, हे मी इथून सांगू शकत नाही. टार्गेट भरायला दुकानदार कोरे सेटही ॲक्टिव्हेट करून ठेवतात, किंवा कुणीतरी परत केलेला असेल. जुना माल नवा म्हणून विकणं वेगळं आणि जास्त गंभीर, पण ते सिद्ध करावं लागेल. पत्र पाठवण्याआधी इंग्रजीत KYM, स्पेस, आयएमईआय असा एसएमएस सरकारच्या 14422 या नंबरवर करा. ब्लॅकलिस्ट दाखवलं तर पत्रबित्र बाजूला ठेवा आणि सरळ पोलिस ठाणं गाठा, मग विषय चोरीच्या मालाचा होतो.

ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर 2 वर्षांची मुदत आहे आणि सोलापूरला खेपा घालायची गरज नाही, तुम्ही पुण्यात राहता, नोकरी करता, पुण्यात तक्रार चालते. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकीलही लागत नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार ऑनलाइन भरता येते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन जरूर करा, कधीकधी दुकानदार तेवढ्याने हलतो, पण त्या फोनमुळे मुदत थांबत नाही. निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत द्यायचा असं कायदा म्हणतो. तारखा किती पडतात ते आयोगात एक दिवस बसून बघा, म्हणूनच म्हणतो की पत्रावरच मिटलं तर बरं.

आणि पत्र मिळाल्यावर तो म्हणेल, फोन ठेवून जा, कंपनीला पाठवतो. आयएमईआय, तारीख आणि सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय फोन काउंटरवर ठेवायचा नाही, ओळख गेली खड्ड्यात.