संस्कृतची लेक्चरर ते अमेरिकेत इन्स्ट्रक्शनल डिझायनर: जमतं का?

ताई, तुम्ही विचारलंय की कॉलेजात तासिका तत्त्वावर संस्कृत शिकवताय आणि अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे प्राध्यापकांना ऑनलाइन कोर्स रचायला मदत करणारी, व्हायचंय, तर भारतातून अर्ज करून थेट नोकरी लागेल का, परत डिग्री करावी लागेल का, आणि रेझ्युमेवर संस्कृत ठेवू की काढून टाकू. मी पण एमए संस्कृत, सेट, तीच तासिका, मग इकडे मास्टर्स केलं आणि आता एका युनिव्हर्सिटीत हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थेट नोकरीचा नाद सोडा. एच-वन-बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, तुमची डिग्री आणि काम यांचा संबंध दाखवावा लागतो, आणि एमए संस्कृतवर ऑनलाइन कोर्स डिझाइनची नोकरी बसवायला वकिलालाही घाम फुटतो. त्यात सप्टेंबर 2025 च्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवी पिटिशन (नोकरी देणाऱ्याने भरायचा एच-वन-बीचा अर्ज) भरायची तर 1,00,000 डॉलरची फी लावली, आता एका स्टाफ पोस्टसाठी कोण एवढे मोजणार हो. इथेच राहून एफ-वनवरून, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरून, स्टेटस बदलणाऱ्याला ती फी नाही असं नंतर स्पष्ट केलंय. नियम सारखे हलतायत, त्यामुळे अर्ज कराल तेव्हा सरकारी साइट स्वतः बघा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

म्हणजे डिग्री करावी लागणार. पण कुठली, तिथे नीट बघा. एज्युकेशनल टेक्नॉलॉजीच्या मास्टर्सचा सरकारी कोड 13.0501 असेल तर ती स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरतात, आणि मग ओपीटीचे, म्हणजे डिग्रीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचे, 12 महिने आणि वर 24 महिने मिळू शकतात. करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन म्हणून जे असतं त्यात विषय बरेचसे तेच, पण कोड दुसरा आणि ते वरचे 24 महिने गेले. कोर्सच्या नावावरून हे कळत नाही, अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल टाकून कोड लेखी मागवा. आणि जमलं तर ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (शिकताना युनिव्हर्सिटीतच पगारी काम) ऑनलाइन लर्निंगच्या ऑफिसात मिळवा, टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं पण तोच अनुभव नंतर विचारतात. दुसरं म्हणजे 85,000 ची जी एच-वन-बीची मर्यादा आणि लॉटरी असते ती युनिव्हर्सिटीला लागू नाही, कंपनीला आहे. माझ्या मते कॉर्पोरेट ट्रेनिंगपेक्षा हायर एज्युकेशन धरायचं हे सगळ्यात मोठं कारण, पगार तिकडे जास्त असला तरी.

आता संस्कृत. अजिबात लपवू नका! अ‍ॅडी, ब्लूम, बॅकवर्ड डिझाइन हे कोर्स रचायच्या पद्धतींचे शब्द मास्टर्सच्या पहिल्या टर्ममध्ये सगळ्यांनाच येतात, त्याने कुणी उठून दिसत नाही. पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या कामाचे नमुने, बघतात, आणि तिथे वर्गात उभं राहिलेला माणूस लगेच ओळखू येतो. समजा विसर्गसंधीचं छोटं मॉड्यूल करताय. उद्दिष्ट ‘विद्यार्थ्याला विसर्गसंधी समजेल’ असं लिहिलंत तर इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न येतो, समजलं हे तपासणार कसं. ‘न पाहिलेल्या वाक्यात संधी करून दाखवेल’ असं लिहा. मग प्रश्न टाका, रामः + अपि. पर्याय रामोऽपि, राम अपि, रामा अपि. ज्याने राम अपि निवडलं त्याच्या डोक्यात राम आगच्छति बसलेलं आहे, म्हणजे पुढे दुसरा स्वर आला की विसर्ग जातो तो नियम त्याने अ ला पण लावला, तर त्याला ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ न दाखवता दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी दाखवायची. हे तुम्हाला पेपर तपासून तपासून माहितीये, नुसतं स्टोरीलाइन हे कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर शिकून आलेल्याला कुठून सुचणार. पॅनेलमधल्या एकालाही संस्कृत येत नसलं तरी चुकीच्या उत्तरामागचं कारण तुम्हाला कळतंय हे त्यांना दिसतं. असे दोन नमुने मूडल या ऑनलाइन कोर्सच्या सॉफ्टवेअरवर आत्ताच करून ठेवा, फुकट आहे.

रोजचं काम मात्र बरंच वेगळं. शिकवायचं नसतं, शिकवणाऱ्याबरोबर बसायचं असतं. एखादे प्राध्यापक वाकडं स्कॅन केलेलं पीडीएफ पाठवतात, झेरॉक्सची काळी कड पानभर, डोळ्यांनी न दिसणाऱ्या विद्यार्थ्याचं स्क्रीन रीडर त्यातला एक शब्द वाचत नाही कारण कॉम्प्युटरसाठी तो नुसता फोटो आहे. आणि ते वर्षानुवर्षं तेच वापरतायत, त्यांना ते बदलायला लावायचं आणि रागही येऊ द्यायचा नाही! सरकारी युनिव्हर्सिट्यांना एप्रिल 2024 च्या नियमाने डब्ल्यूसीएजी 2.1, लेव्हल एए (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीचे निकष) पाळायला सांगितलंय, त्यामुळे कॅप्शन, ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांत वर्णन), हेडिंगची रचना हे आपल्याच गळ्यात येतं. कंटाळवाणं आहे, खरंच आहे, पण ज्याला हे नीट येतं त्याला मागणी असते, तेव्हा कॅनव्हास किंवा ब्लॅकबोर्ड या मूडलसारख्या सॉफ्टवेअरची बटणं शिकण्याआधी हे शिका.

मानाचं पण सांगते, कारण कुणी सांगत नाही. तुम्ही इथे ‘मॅडम’ नसता, स्टाफ असता, मीटिंगमध्ये तुमच्या निम्म्या अनुभवाचा प्राध्यापक तुमचं म्हणणं सहज उडवून लावतो. मला पहिलं वर्ष फार लागलं ते. पण दर महिन्याला पगार येतो, सुट्टीत सुद्धा, हे तासिकावाल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि शेवटचं, बऱ्याच ठिकाणी प्राध्यापकांना व्हिसा स्पॉन्सर करतात पण स्टाफला करत नाहीत, जाहिरातीत लिहिलेलं असेलच असं नाही. एचआरच्या पहिल्याच फोनवर विचारून टाका, तीन राऊंड झाल्यावर नाही.