दौलत रयतेच्या हाती

प्रश्न असा आला आहे: ‘इंडोनेशिया हा जगातला सर्वांत मोठा इस्लामी देश आहे, असं मराठी वर्तमानपत्रात वाचलं. इस्लामी देश आणि मुस्लिम देश यांत काही फरक आहे का? तिथल्या संसदेचं नाव ‘देवान परवाकिलान राक्यात’ आहे म्हणे. त्यातलं ‘देवान’ म्हणजे देवांचं का?’

फरक आहे, आणि तिथे निवडणूक आली की आपल्या बातम्यांत तो हमखास पायदळी तुडवला जातो. ‘इस्लामी’ ही पदवी राज्यानं स्वतःला लावून घ्यायची असते. पाकिस्ताननं ती 1956 च्या घटनेत घेतली, इराणनं 1979 मध्ये घेतली, मॉरिटानियाच्या तर अधिकृत नावातच ती आहे. इंडोनेशियानं घेतलेली नाही. तिथले सुमारे 87 टक्के लोक मुसलमान आहेत, तेव्हा ‘मुस्लिमबहुल’ लिहा आणि पुढे चला. एवढं सांगितलं की काही उपसंपादक दुसऱ्या टोकाला जाऊन ‘निधर्मी इंडोनेशिया’ छापतात. तेही चूक. घटनेच्या प्रास्ताविकेत ईश्वर आहे, सहा धर्मांना सरकारमान्यता आहे, आचे प्रांतात शरियतचे कायदे चालतात. 22 जून 1945 च्या मसुद्यात तर ‘इस्लामच्या अनुयायांवर शरियत पाळण्याचं बंधन’ अशा अर्थाचे सात शब्द होते. 18 ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, स्वातंत्र्यलढ्यातले नेते मोहम्मद हाता यांनी पुढाकार घेऊन ते काढायला लावले, कारण पूर्वेकडच्या बेटांवरच्या ख्रिस्ती लोकांना ते मान्य नव्हते. हे सात शब्द परत घाला, अशी मागणी 2002 पर्यंत होत राहिली आणि फेटाळली जात राहिली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपलं.

आता ‘देवान’. नाही, त्यात देव नाहीत. हा आपला दिवाण. फारसीत दीवान म्हणजे नोंदवही, मग नोंदी ठेवणारी कचेरी, मग दरबार. आपण दिवाणी दावा आणि दिवाणखाना एवढ्यावर थांबलो, मलायांनी त्याची परिषद केली. (इंडोनेशियाची भाषा मलायचंच एक रूप.) मात्र प्रश्नकर्त्याची चूक जुनी आणि खानदानी आहे. अकराव्या शतकात मावर्दी या पंडितानं लिहून ठेवलंय, की किस्रानं, म्हणजे इराणच्या बादशहानं, कारकुनांना स्वतःशीच पुटपुटत हिशेब करताना पाहिलं आणि तो म्हणाला, ‘दीवाने!’ तिथून हा शब्द आला. मावर्दीनं दुसरीही व्युत्पत्ती दिली आहे: फारसीत दीव म्हणजे सैतान, त्याचं अनेकवचन दीवान, आणि हे कारकून सैतानासारखे हुशार. हा फारसी दीव आपल्या देवाचा सख्खा भाऊ, इराणात गेल्यावर बिघडलेला. दोन्ही व्युत्पत्त्या खोट्या आहेत, पण संसदेला शोभतात.

‘परवाकिलान’मध्ये वकील बसला आहे. मागचा-पुढचा ‘पर’ आणि ‘आन’ हा मलाय प्रत्यय, तो सोडून द्या. तिथे वकील म्हणजे प्रतिनिधी किंवा दुय्यम. उपराष्ट्राध्यक्षाला ते ‘वाकिल प्रेसिदेन’ म्हणतात. आपल्याकडेही हाच अर्थ जुना. प्रतापगडाच्या भेटीआधी शिवाजी महाराजांचे आणि अफझलखानाचे वकील एकमेकांकडे गेले ते कोर्टकज्ज्यासाठी नव्हे. ‘राक्यात’ म्हणजे रयत. दिवाण, वकील, रयत: मोडी वाचणाऱ्या कुठल्याही माणसाला जाकार्तातल्या संसदेच्या दारावरची पाटी कळेल.

हे शब्द अरबीतून थेट गेले नाहीत, हेही पाटीवरूनच कळतं. अरबीत रय्यत शब्दाच्या शेवटचा ‘त’ बोलताना गळतो. तो टिकला फारसीत, आणि फारसीच्या वळणानं हिंदुस्थानात. रयत, दौलत, हिकमत, शरियत हे चारही शब्द मलायात ‘त’ सांभाळून आहेत, जसे मराठीत.

आणि इथे मी प्रश्न बाजूला ठेवणार आहे, कारण दौलत आली.

इंडोनेशियाच्या घटनेच्या पहिल्या कलमात एक वाक्य आहे. 2001 च्या दुरुस्तीनंतर त्याची सुरुवात अशी: ‘कदौलातान बेरादा दि तांगान राक्यात’. तांगान म्हणजे हात. मराठी वर्तमानपत्रं याचं भाषांतर ‘सार्वभौमत्व जनतेच्या ठायी वसते’ असं करतात आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, ते वाक्य मराठीच आहे! दौलत रयतेच्या हाती आहे. बखरीत दौलत म्हणजे राज्यच. मराठ्यांची दौलत म्हणजे काही छत्रपतींची तिजोरी नव्हे. पैसा हा अर्थ नंतर चढला आणि जुन्या अर्थाला खाऊन बसला.

पण खरी गंमत त्याच्याही मागे आहे. अरबीत द-व-ल या धातूचा मूळ अर्थ फिरणं, पाळी येणं, एकाकडून दुसऱ्याकडे जाणं. कुराणात (3:140) ‘हे दिवस आम्ही लोकांमध्ये आळीपाळीने फिरवतो’ असं म्हटलं आहे, तिथे हाच धातू. 59:7 मध्ये संपत्तीची वाटणी सांगताना कारण दिलंय, की ती तुमच्यातल्या श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये. तिथे ‘दूलत’ हा शब्दच आहे. अब्बासी खलिफांच्या घराण्यानं आधीच्या उमय्यांना उलथून टाकलं तेव्हा नव्या राजवटीला ‘दौला’ म्हणाले, म्हणजे ‘आता आमची पाळी’. पुढे प्रत्येक घराण्याला वाटलं की आपली पाळी संपणारच नाही, आणि शब्दाचा अर्थ ‘राज्य’ असा गोठला. रयतेचा धातू र-अ-य, म्हणजे चारणं. रयत म्हणजे राखणीतला कळप. आता पुन्हा वाचा: कळपाची पाळी आली आहे. निवडणुकीची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकात सापडलेली नाही.

यावर एका अभ्यासू स्नेह्यांनी मला सुनावलं, की मलायात दौलतीला पाळीचा अर्थ कधीच नव्हता. तिथे दौलत म्हणजे सुलतानाचं दैवी तेज. मलेशियात आजही राजासमोर ‘दौलत तुआंकू!’ असा घोष होतो, आणि दौलतीचा द्रोह करणाऱ्यावर आपोआप अरिष्ट कोसळतं अशी समजूत होती. (द्रोहाला त्यांचा शब्द ‘दरहाका’. तो आपलाच.) माहिती बरोबर आहे, निष्कर्ष चूक. सुलतानाच्या अंगातलं तेज काढून 1945 साली ते रयतेच्या हातात ठेवलं, हीच तर पाळी बदलली! स्नेही म्हणतात हा कोटीबाजपणा आहे. असू दे. त्यांच्याकडे ‘सार्वभौमत्व’ आहे, त्यांनी ते उच्चारत बसावं.

याच्या उलट वाटेचा माणूस आपल्याकडचा. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक अबुल आला मौदुदी 1903 साली औरंगाबादेत जन्मले, पुढे पाकिस्तानात गेले. सत्ता फक्त अल्लाची, हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी त्यांनी चालवलेला शब्द ‘हाकिमियत’. पाकिस्तानच्या घटनासभेनं 12 मार्च 1949 ला मंजूर केलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात सार्वभौमत्व अल्लाचं आणि लोकांकडे ते अमानत, अशी मांडणी झाली. हाकिमियतीत हुकूम आहे, आणि हुकूम वरूनच सुटतो. दौलत हातोहात फिरते. एकाच धर्माच्या दोन मोठ्या देशांनी एकाच भाषेतून दोन वेगळे धातू उचलले. मौदुदींचे चाहते म्हणतील की धातूंवरून राज्यं चालत नाहीत. मग त्यांनी शब्द इतके निवडून का घेतले?

आता तिथल्या संसदेच्या संयुक्त सभेकडे जाऊ, कारण तिच्या नावाबद्दल एक चूक मराठीत पसरली आहे. ‘मजलिस परमुशावरातान राक्यात’ यातला ‘मुशावरा’ म्हणजे आपली मसलत, असं छापून येतं. नाही हो. मसलत ही मस्लहत, धातू स-ल-ह, तिचा भाऊ सल्ला. आपण ‘सल्लामसलत’ म्हणतो तेव्हा एकच धातू दोनदा खर्च करतो. मुशावरा हा श-व-र. त्याचं गोत मशवरा, शूरा, मुशीर आणि, आश्चर्य वाटेल, इशारा. कुराणात ‘त्यांचा कारभार आपसांतल्या शूरेने चालतो’ असं वचन आहे (42:38), आणि इस्लाममध्ये लोकशाही बसते असं सांगणारे पहिलं बोट तिथेच ठेवतात. अरबी कोशकारांनी या धातूला पोळ्यातून मध काढण्याचा अर्थ दिला आहे. मध गोड आहे, पण मी त्यात पडत नाही.

कारण शब्द चांगला असला तरी त्याचं काय केलं जातं ते हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी दाखवलं. त्यांच्या राजवटीचा मंत्र ‘मुशावरा-मुफाकात’, म्हणजे चर्चा करून एकमत. मुफाकात आणि मराठी माफक एकाच धातूचे. माफक म्हणजे मुळात जुळणारं. हे एकमत फारच जुळणारं होतं. मतदान नको, मतभेद नको, विरोधी उमेदवार नको. 1973 मध्ये इस्लामी पक्षांना एकाच पक्षात कोंबलं, आणि त्याच्या नावात इस्लाम हा शब्दही ठेवला नाही. मार्च 1998 मध्ये याच मजलिशीनं सुहार्तोंना सातव्यांदा बिनविरोध निवडलं, आणि 21 मेला रस्त्यावरच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांना जावं लागलं. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले अब्दुर्रहमान वाहिद, नहदतुल उलमा या प्रचंड धार्मिक संघटनेचे प्रमुख. त्यांनी काय शरियत आणली? उलट चिनी नववर्ष उघडपणे साजरं करण्यावरची बंदी उठवली. मौलाना सत्तेवर आला की राज्य इस्लामी होतं, हे समीकरण मांडणाऱ्यांनी हे नाव जरा लक्षात ठेवावं.

मात्र सगळं गोड आहे असंही नाही, आणि इथे पुन्हा शब्दच आडवा आला. जाकार्ताचे तेव्हाचे ख्रिस्ती, चिनी वंशाचे राज्यपाल बासुकी पुर्नामा, लोक त्यांना अहोक म्हणतात. सप्टेंबर 2016 मध्ये एका भाषणात ते म्हणाले, की कुराणातली आयत अल-माइदा 51 ‘वापरून’ तुम्हाला फसवलं जातं. मलायात ‘पाकाइ’ एवढा एक शब्द. समाजमाध्यमावर फिरलेल्या लेखी उताऱ्यातून तो गळला आणि वाक्य झालं, अल-माइदानं तुम्हाला फसवलं. डिसेंबरात लाखोंचा मोर्चा, एप्रिल 2017 मध्ये पराभव, मे महिन्यात धर्मनिंदेसाठी दोन वर्षांची शिक्षा.

त्या आयतीत म्हटलंय, यहुदी आणि ख्रिस्ती यांना ‘अवलिया’ करू नका. अवलिया हे वलीचं अनेकवचन. मराठीनं ते एकवचन करून एका विक्षिप्त माणसाला बहाल केलं, ते असो. मूळ अर्थ पाठीराखा, सोबती, सांभाळणारा. प्रचलित इंडोनेशियन भाषांतरांत तिथे ‘पमिम्पिन’ आलं, म्हणजे नेता, आणि आयत थेट मतपेटीपाशी येऊन उभी राहिली. मराठीत त्याच घरातला शब्द तयार आहे: वाली. ‘त्याला कोणी वाली नाही’ यातला वाली म्हणजे नेता नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल.

अहोकविरोधकांच्या बाजूनं एकच गोष्ट बोलता येईल. अरबीत वाली म्हणजे प्रांताचा सुभेदारही, आणि इंडोनेशियात आजही महापौराला ‘वाली कोता’ म्हणतात. वाली अरबी, कोता म्हणजे आपला कोट. जोको विदोदो राष्ट्राध्यक्ष होण्याआधी सोलो शहराचे वाली कोता होते. आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा त्यांचं आडनावच ‘वालीकोटा’ छापलं नाही हे नशीब.