वर्गात पाऊल टाकताना देहबोली सांभाळा

नव्याने वर्गावर जाणाऱ्या शिक्षकांना माझे पहिले सांगणे असे की, पाठ सुरू होण्याआधीच विद्यार्थी तुमचा चेहरा, खांदे आणि हात वाचू लागलेले असतात. मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिक्षकांच्या अर्ध्या मिनिटाहूनही लहान मूक चित्रफिती पाहून अनोळखी व्यक्तींनी दिलेला कौल, सत्राअखेरीस विद्यार्थ्यांनी केलेल्या मूल्यमापनाशी बराच जुळला होता.

सर्वाधिक जपण्याचा क्षण म्हणजे विद्यार्थी चुकीचे उत्तर देतो तो. त्या वेळी तुमच्या कपाळाला आठी पडली, किंवा नजर लगेच दुसऱ्या वर केलेल्या हाताकडे वळली, तर तोंडाने केलेले कौतुक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याऐवजी त्याच्याकडे तोंड करून, हाताची घडी न घालता दोन-तीन सेकंद शांत थांबा, म्हणजे पुष्कळदा तो स्वतःच उत्तर सुधारतो. वही पाहताना डोक्यावर उभे न राहता शेजारी वाका. बोट रोखून बोलणे कटाक्षाने टाळा. मागच्या बाकांपर्यंत अवश्य फिरा. मात्र एखादा विद्यार्थी नजर चुकवत असेल, तर त्याच्याकडे एकटक पाहू नका, कारण बुजऱ्या मुलाला ती नजर दरडावल्यासारखीच वाटते, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते.