तळ्यातील पाण्याची कीटकनाशक-तपासणी

प्रश्न : इंदूरजवळ आमच्या सोयाबीनच्या शेतांना लागून तळे आहे. फवारणीनंतरच्या पहिल्या पावसात त्यातले मासे मेले. तपासणीसाठी पाणी कसे द्यावे? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : नमुना प्लास्टिकच्या बाटलीत मुळीच घेऊ नये, कारण काही कीटकनाशके प्लास्टिकला चिकटतात आणि अहवालात पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसते. प्रयोगशाळेकडूनच तपकिरी काचेची बाटली मागून घ्यावी, शेतातला ओघळ तळ्याला मिळतो तेथे ती भरावी आणि बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी. सोबत फवारलेल्या औषधांची नावे डब्यांवरून जशीच्या तशी उतरवून द्यावीत. हे राहिले, तर नेमके तेच औषध तपासायचे राहून जाऊ शकते आणि पैसे वाया जातात.

फवारणीत क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक असेल, तर ते मातीला धरून राहते, म्हणून तळाचा गाळही द्यावा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकातील त्याची मर्यादा लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे, परंतु काही मासे त्याहून पुष्कळ कमी प्रमाणातही दगावतात. मासे पहाटे मेलेले आढळले असतील, तर पाण्यात विरघळलेला प्राणवायूही मोजून घ्यावा, कारण रात्रभरात तो घटून मासे गुदमरलेले असू शकतात. अहवाल येईपर्यंत गुरांना तेथे पाणी पाजू नये, ही कळकळीची विनंती.